कोनात लावलेले बल

कोनात लावलेले बल म्हणजे वस्तू ज्या दिशेने सरकते किंवा सरकू शकते, त्या दिशेशी कोन करून लावलेले बल. दोरीने तिरपे ओढलेले खोके, दांड्याने तिरपे ढकललेले यंत्र, बैलांच्या जुवापासून नांगराच्या फाळापर्यंत उतरत जाणारी ओढ, ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. असे बल एकाच वेळी दोन कामे करते. त्याचा एक भाग वस्तूला पुढे नेतो आणि दुसरा भाग तिला जमिनीवर दाबतो किंवा जमिनीवरून उचलू पाहतो. प्रारंभिक भौतिकशास्त्रातील या प्रकारची उदाहरणे सोडवताना विद्यार्थी पहिला भाग सहसा लक्षात घेतात. दुसरा भाग विसरला जातो आणि उत्तर तेथेच चुकते.

या लेखातील उदाहरणे मराठवाड्यात, जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीसारख्या गावांत, नित्य पाहायला मिळणाऱ्या कामांवर बेतलेली आहेत. त्यांतील वजने व बले आकडेमोडीच्या सोयीसाठी कल्पिलेली आहेत. गुरुत्व त्वरण सर्वत्र ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग धरले आहे.

बलाचे विघटन

बल ही सदिश राशी आहे. तिला परिमाण असते, तशीच दिशाही असते. कोणत्याही बलाच्या जागी परस्परांना लंब असलेली दोन बले घेता येतात, अट एवढीच की त्या दोघांचा एकत्रित परिणाम मूळ बलाइतकाच असला पाहिजे. या दोन बलांना मूळ बलाचे घटक म्हणतात आणि घटक काढण्याच्या क्रियेला विघटन म्हणतात.

बल 'ब' हे आडव्या दिशेशी 'क' इतका कोन करीत असेल, तर

आडवा घटक = ब × कोज्या क
उभा घटक = ब × ज्या क

ज्या, कोज्या आणि स्पर्शज्या यांनाच शाळेत अनुक्रमे साईन, कोसाईन आणि टॅन म्हणतात. मूळ बल हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण आणि घटक या त्याच्या दोन बाजू असतात. त्यामुळे पायथागोरसच्या प्रमेयाने घटकांवरून मूळ बल परत मिळवता येते. घटकांची साधी बेरीज मात्र मूळ बलापेक्षा जास्त भरते. ३० अंशांत लावलेल्या ८० न्यूटन बलाचे घटक ६९.३ आणि ४० न्यूटन येतात. त्यांची बेरीज १०९.३ होते, पण त्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ ८० च येते.

लंब प्रतिक्रिया

जमिनीवर ठेवलेली वस्तू जमिनीला दाबते आणि जमीन तिला पृष्ठभागाशी लंब दिशेने उलट रेटते. या रेट्याला लंब प्रतिक्रिया म्हणतात. वस्तू सपाट जमिनीवर असेल आणि तिच्यावर दुसरे कोणतेही उभे बल नसेल, तर लंब प्रतिक्रिया वजनाइतकी असते. पुष्कळ विद्यार्थी या विशेष स्थितीलाच नियम समजतात. प्रत्यक्षात लंब प्रतिक्रियेचे मूल्य आधी ठरलेले नसते. उभ्या दिशेतील सर्व बलांचा हिशेब करून ते प्रत्येक वेळी काढावे लागते.

वरच्या बाजूस तिरपे ओढले असता : लंब प्रतिक्रिया = वजन − ब × ज्या क
खालच्या बाजूस तिरपे ढकलले असता : लंब प्रतिक्रिया = वजन + ब × ज्या क

घर्षणाची कमाल मर्यादा म्हणजे घर्षणांक गुणिले लंब प्रतिक्रिया. म्हणून बलाचा उभा घटक वस्तूला पुढे नेत नसला, तरी तिच्या पुढे जाण्यावर तो परिणाम करतो. ओढताना तो घर्षण कमी करतो आणि ढकलताना वाढवतो.

उदाहरण सोडवण्याची पद्धत

१. वस्तू कोणती ते ठरवावे आणि केवळ त्या वस्तूवर लागणारी बले दाखवणारी आकृती काढावी. त्या वस्तूने इतरांवर लावलेली बले या आकृतीत घेऊ नयेत.

२. परस्परांना लंब असे दोन अक्ष निवडावेत. सपाट जमिनीवर आडवा व उभा अक्ष सोयीचा असतो. उतारावर एक अक्ष उताराला समांतर आणि दुसरा उताराला लंब घ्यावा.

३. अक्षांशी कोन करणाऱ्या प्रत्येक बलाचे विघटन करावे. घटक घेतल्यावर मूळ बल हिशेबातून वगळावे.

४. ज्या दिशेत वस्तू हलत नाही त्या दिशेचे समीकरण आधी मांडावे. त्यातून लंब प्रतिक्रिया मिळते.

५. लंब प्रतिक्रियेवरून घर्षणाची मर्यादा काढावी.

६. शेवटी गतीच्या दिशेत न्यूटनचा दुसरा नियम लावावा : निव्वळ बल = वस्तुमान × त्वरण.

चौथी पायरी सहावीच्या आधी येते. प्रश्नात बहुधा त्वरण विचारलेले असते, म्हणून विद्यार्थी थेट गतीच्या दिशेकडे वळतात. पण त्या दिशेतील घर्षण उभ्या दिशेतील हिशेबावर अवलंबून असते. तो हिशेब आधी झालेला नसेल, तर घर्षणाच्या जागी अंदाज भरावा लागतो.

सोडवलेली उदाहरणे

मोसंबीचे क्रेट

मोसंबीने भरलेल्या क्रेटचे वस्तुमान २० किलोग्रॅम आहे. जमीन व क्रेट यांमधील घर्षणांक ०.४ आहे. सोयीसाठी स्थितिक व गतिक घर्षणांक सारखेच मानले आहेत. क्रेटवर ८० न्यूटन बल तीन प्रकारे लावून पाहायचे आहे. क्रेटचे वजन २० × ९.८ = १९६ न्यूटन आहे.

पहिला प्रकार, आडवे ओढणे : लंब प्रतिक्रिया १९६ न्यूटन, घर्षणाची मर्यादा ०.४ × १९६ = ७८.४ न्यूटन. निव्वळ बल ८० − ७८.४ = १.६ न्यूटन. त्वरण ०.०८ मीटर प्रति सेकंद वर्ग. क्रेट जेमतेम सरकते.

दुसरा प्रकार, ३० अंशांत वर ओढणे : आडवा घटक ६९.३ न्यूटन, उभा घटक ४० न्यूटन. लंब प्रतिक्रिया १९६ − ४० = १५६ न्यूटन. घर्षण ०.४ × १५६ = ६२.४ न्यूटन. निव्वळ बल ६.९ न्यूटन. त्वरण सुमारे ०.३४ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे पहिल्या प्रकाराच्या चौपटीहून अधिक.

तिसरा प्रकार, ३० अंशांत खाली ढकलणे : आडवा घटक तितकाच, ६९.३ न्यूटन. लंब प्रतिक्रिया १९६ + ४० = २३६ न्यूटन. घर्षणाची मर्यादा ९४.४ न्यूटन. आडवा घटक या मर्यादेपेक्षा कमी असल्याने क्रेट हलत नाही.

तिन्ही प्रकारांत बल ८० न्यूटनच आहे. दुसऱ्या प्रकारात पुढे नेणारा घटक पहिल्यापेक्षा कमी असूनही क्रेट अधिक वेगाने गती घेते. तिसऱ्या प्रकारात तोच घटक असून ते जागचे हलत नाही. दुसऱ्या प्रकारात लंब प्रतिक्रिया चुकून वजनाइतकी धरली, तर घर्षण ७८.४ न्यूटन येईल आणि क्रेट सरकणारच नाही असा उलटा निष्कर्ष निघेल. म्हणजे ही चूक दशांश चिन्हापुढच्या एखाद्या अंकापुरती राहत नाही. तिने उत्तराचा अर्थच बदलतो.

तिसऱ्या प्रकारात प्रत्यक्ष घर्षण ९४.४ न्यूटन नसते हेही लक्षात घ्यावे. ते ६९.३ न्यूटनच असते, कारण स्थितिक घर्षण लावलेल्या बलाला जेवढ्यास तेवढे उत्तर देते. ९४.४ ही त्याची केवळ कमाल मर्यादा होय.

फळीवरून चढवलेले पोते

सोयाबीनचे ५० किलोग्रॅमचे पोते फळीवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवायचे आहे. फळी जमिनीशी ३० अंशांचा कोन करते आणि घर्षणांक ०.३ आहे. पोत्याचे वजन ४९० न्यूटन आहे. येथे वजन हेच अक्षांशी कोन करणारे बल ठरते.

फळीला समांतर घटक = ४९० × ज्या ३०° = २४५ न्यूटन
फळीला लंब घटक = ४९० × कोज्या ३०° = ४२४.४ न्यूटन

फळीला समांतर दिशेने एकसमान वेगाने ओढल्यास घर्षण ०.३ × ४२४.४ = १२७.३ न्यूटन येते आणि लागणारे बल २४५ + १२७.३ = ३७२.३ न्यूटन. पोते सरळ उचलायला लागणाऱ्या ४९० न्यूटनपेक्षा हे कमी आहे. फळी लावण्याचा लाभ तो हाच.

हेच पोते मागून आडव्या दिशेने रेटले, तर रेट्याचा एक घटक फळीत दाबला जातो. समांतर दिशेतील समीकरण असे होते :

ब × कोज्या ३०° = २४५ + ०.३ × (४२४.४ + ब × ज्या ३०°)

यावरून बल सुमारे ५२० न्यूटन येते. ते पोत्याच्या वजनापेक्षाही जास्त आहे. फळी तीच आणि पोते तेच असताना केवळ बलाची दिशा बदलल्याने सोयीचे साधन तोट्याचे ठरते.

विहिरीतील गाळाची पाटी

विहिरीच्या समोरासमोरच्या काठांवर उभी राहून दोन माणसे दोन दोरांनी गाळाची पाटी वर ओढत आहेत. पाटीचे वस्तुमान १५ किलोग्रॅम, म्हणजे वजन १४७ न्यूटन आहे. दोघांच्या हातांतील अंतर ३ मीटर आहे आणि पाटी बरोबर मध्यभागी सावकाश वर येत आहे. दोर उभ्या रेषेशी 'क' कोन करीत असेल, तर दोन्ही दोरांच्या ताणांचे उभे घटक मिळून वजन पेलतात :

२ × ताण × कोज्या क = १४७

पाटी हातांच्या पातळीपासून ६ मीटर खाली असताना कोन सुमारे १४ अंश असतो आणि प्रत्येक दोरातील ताण सुमारे ७६ न्यूटन येतो. पाटी केवळ अर्धा मीटर खाली राहिली, की कोन सुमारे ७१.६ अंश होतो आणि ताण २३२ न्यूटनपर्यंत जातो. पाटीचे वजन वाढलेले नसते, तरी काठाशी येताच दोर तिपटीहून अधिक ओढू लागतो. दोर तुटण्याचा किंवा काठावरच्या माणसाचा तोल जाण्याचा धोका शेवटच्या हातभर अंतरात सर्वाधिक असतो, त्याचे हे कारण. पाटी सरळ रेषेत आडवी आणण्यासाठी, म्हणजे कोन ९० अंश होण्यासाठी, ताण अमर्याद लागेल. म्हणून कपडे वाळत घालण्याची दोरी कितीही ताणली, तरी ओल्या कपड्यांखाली थोडी झुकतेच.

सर्वांत सोयीचा कोन

वस्तू सपाट जमिनीवर एकसमान वेगाने ओढायला लागणारे बल पुढीलप्रमाणे मिळते :

ब = (घर्षणांक × वजन) ÷ (कोज्या क + घर्षणांक × ज्या क)

वरील २० किलोग्रॅमच्या क्रेटसाठी निरनिराळ्या कोनांत लागणारे बल असे :

० अंश : ७८.४ न्यूटन
१० अंश : ७४.४ न्यूटन
२० अंश : ७२.८ न्यूटन
३० अंश : ७३.५ न्यूटन
४५ अंश : ७९.२ न्यूटन
६० अंश : ९२.६ न्यूटन

कोनाची स्पर्शज्या घर्षणांकाइतकी असते, तेव्हा सर्वांत कमी बल लागते. येथे तो कोन २१.८ अंश आहे. त्याच्या दुप्पट कोनाला, म्हणजे सुमारे ४३.६ अंशांना, आडव्या ओढीचा आणि तिरप्या ओढीचा खर्च सारखा होतो. त्यापुढे तिरपे ओढणे तोट्याचे ठरते. घर्षणांक जितका जास्त, तितका सोयीचा कोन मोठा. खडबडीत जमिनीवर दोरी थोडी उंच धरावी आणि गुळगुळीत फरशीवर खाली धरावी, हा अनुभव यातून स्पष्ट होतो.

खाली ढकलताना छेदातील अधिक चिन्हाच्या जागी वजा चिन्ह येते. ३० अंशांत ढकलून हेच क्रेट सरकवायला सुमारे ११७.७ न्यूटन लागतात. कोन वाढत ६८.२ अंश झाला, की छेद शून्य होतो. त्याहून उभ्या दिशेने ढकलल्यास कितीही बल लावले तरी क्रेट सरकत नाही, कारण जितके बल वाढते तितके घर्षणही त्याला पुरून उरते.

नांगर आणि ओढीचा कोन

बैलांचे खांदे जमिनीपासून उंच असतात आणि फाळ जमिनीत असतो. त्यामुळे जुवापासून फाळापर्यंतची ओढीची रेषा तिरपीच असते. ८०० न्यूटन ओढ २० अंशांत असेल, तर सुमारे ७५२ न्यूटन माती फोडण्यास मिळतात आणि २७४ न्यूटन नांगर वर उचलू पाहतात. तीच ओढ १० अंशांत असेल, तर हे आकडे अनुक्रमे ७८८ आणि १३९ न्यूटन होतात. पुढे नेणारा घटक थोडाच वाढतो, उचलणारा घटक मात्र जवळजवळ निम्मा होतो.

क्रेटच्या बाबतीत उभा घटक उपकारक होता. नांगराच्या बाबतीत तसे नसते. नांगराला जमिनीवरून सरकायचे नसून जमिनीत शिरून राहायचे असते. ओढ फार उभी झाली, तर फाळ वर येतो आणि नांगरणाऱ्याला रुमण्यावर भार देऊन तो खाली दाबून ठेवावा लागतो. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी लोखंडी नांगर बनवण्यास सुरुवात केली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. साखळीने ओढल्या जाणाऱ्या लोखंडी नांगरात साखळी लांब केली, की ओढीचा कोन कमी होतो व फाळ खोल जातो. साखळी आखूड केली, की कोन वाढतो व फाळ उथळ चालतो. शेतकरी हा फेरफार अनुभवाने करतो. त्यामागील गणित उभ्या घटकाचेच असते.

इतिहास

कलत्या प्रतलावरील वस्तूच्या समतोलाचे विवेचन फ्लेमिश गणितज्ञ सायमन स्टेव्हिन याने १५८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केले. त्रिकोणी ठोकळ्यावर टाकलेली मण्यांची माळ आपोआप फिरत राहू शकत नाही, या साध्या विचारावरून त्याने उताराच्या दिशेतील बलाचे प्रमाण काढले. दोन बलांचे एकत्रित बल समांतरभुज चौकोनाच्या कर्णाने दाखवण्याचा नियम आयझॅक न्यूटनने १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त मांडला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये प्येर व्हारिन्यों यानेही तो स्वतंत्रपणे मांडला.

विघटनासाठी लागणारे ज्या-गणित याहून पुष्कळ जुने आहे. आर्यभटाच्या 'आर्यभटीय' (इ.स. ४९९) या ग्रंथात ज्यांची सारणी आहे. भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी' (इ.स. ११५०) या ग्रंथात ज्या काढण्याच्या रीतींना स्वतंत्र स्थान आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. या गणितज्ञांनी ज्यांचा उपयोग ग्रहगणितासाठी केला, बलांसाठी नव्हे. 'ज्या' म्हणजे धनुष्याची दोरी. तिचा पर्याय 'जीवा' अरबीत 'जीबा' झाला, तो पुढे 'जैब' असा वाचला गेला आणि लॅटिन भाषांतरात त्याचे 'सायनस' झाले. 'साईन' हे आजचे नाव म्हणजे त्याच शब्दाचे दूरचे रूप होय.

नेहमीच्या चुका

लंब प्रतिक्रिया सरसकट वजनाइतकी धरणे : ही सर्वांत सामान्य चूक होय.

आडव्यासाठी कोज्या आणि उभ्यासाठी ज्या असे पाठ करणे : कोन उभ्या रेषेपासून दिला असेल, तर ही जोडी उलटते. वरील पाटीच्या उदाहरणात उभ्या घटकासाठी कोज्या आली आहे ती यामुळेच. कोनाला लागून असलेल्या बाजूसाठी कोज्या आणि समोरच्या बाजूसाठी ज्या, हे ध्यानात ठेवावे. शंका आल्यास कोन शून्य मानून पाहावा, जो घटक नाहीसा व्हायला हवा तोच नाहीसा होतो का याने निर्णय होतो.

घटकांबरोबर मूळ बलही मोजणे : त्यामुळे एकच बल दोनदा हिशेबात येते.

लंब प्रतिक्रिया ऋण येऊनही पुढे जाणे : जमीन वस्तूला खाली खेचू शकत नाही. ऋण उत्तराचा अर्थ वस्तू जमिनीवरून उचलली गेली असा होतो. वरील क्रेटच्या बाबतीत ३० अंशांच्या ओढीत ही सीमा ३९२ न्यूटन आहे.

गणकयंत्र अंशांऐवजी रेडियनमध्ये ठेवणे : ज्या ३० चे उत्तर ०.५ न येता −०.९८८ आले, तर हेच कारण समजावे.

कार्याशी संबंध

वस्तूचे विस्थापन आडवे असेल, तर केवळ आडवा घटक कार्य करतो. म्हणून कार्य = बल × विस्थापन × कोज्या क. ८० न्यूटन बलाने ३० अंशांत ओढून क्रेट ५ मीटर नेल्यास ओढणाऱ्याचे कार्य सुमारे ३४६ ज्यूल होते. उभा घटक स्वतः कार्य करीत नाही, पण घर्षण घटवून घर्षणाविरुद्ध होणारे कार्य कमी करतो.

मर्यादा

वरील मांडणीत वस्तू एका बिंदूसारखी मानली आहे. प्रत्यक्षात दोरी क्रेटला कोठे बांधली आहे यालाही महत्त्व असते. ती फार वर बांधल्यास क्रेट सरकण्याऐवजी उलटू शकते आणि तेथे बलाच्या आघूर्णाचा विचार करावा लागतो. तसेच घर्षण लंब प्रतिक्रियेच्या प्रमाणात असते हा नियम कोरड्या, टणक पृष्ठभागांना चांगला लागू पडतो. पावसाळ्यातील काळ्या जमिनीच्या चिखलात वस्तू रुतते, तेव्हा एकाच घर्षणांकाने हिशेब पुरा होत नाही.

हेही पहा

सदिश
न्यूटनचे गतीचे नियम
घर्षण
कलते प्रतल
त्रिकोणमिती
भास्कराचार्य